छत्री सोडा, वायर बघा

कांद्याला बरा भाव मिळाला की राजुरी, बेल्हे, आळे या पट्ट्यात नवे टीव्ही येतात. ४३ इंची, भिंतीला टांगलेले, खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘फोर के’ छापलेले. आठवडाही जात नाही आणि घरात कुरकुर सुरू होते, ‘जुन्या टीव्हीवर चित्र बरं दिसायचं की!’ मग डिशवाल्याला फोन जातो. तो स्लॅबवर चढतो, छत्री जराशी इकडे, जराशी तिकडे करतो, खालून कोणीतरी ‘आलं, आलं’ म्हणून ओरडतं, तो पैसे घेऊन जातो. चित्र होतं तसंच राहतं. हे थांबायला हवं, कारण चित्र धूसर असेल तर छत्रीचा त्यात काही संबंध नसतो.

ही समजूत काड्यांच्या अँटेनाच्या काळातली आहे. तेव्हा दिशा थोडी चुकली की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि अँटेना फिरवला की त्या कमी व्हायच्या. डिजिटल प्रक्षेपणात तो प्रकार राहिला नाही. सिग्नल पुरेसा असेल तर पाठवलेलं चित्र जसंच्या तसं येतं. कमी पडला तर चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, नाहीतर सरळ ‘नो सिग्नल’. सिग्नल कमी म्हणून चेहरे पुसट, असं होत नाही. तेव्हा चौकोन पडत असतील तर स्लॅबवर चढा, पुसट असेल तर टीव्हीच्या मागे बघा.

स्लॅबवर चढलात तर काय बघायचं, तेही सांगतो. राजुरीतून फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट सेवेचा, उपग्रह आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साठेक अंश वर. छत्री बसवली तेव्हा लहान असलेला आंबा किंवा नारळ आता आड आला आहे का, ते पाहा. एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या लहरी पकडणाऱ्या डबीला, जिथे वायर जोडली आहे ती पिन काढा. आतली तांब्याची तार हिरवी पडली असेल तर पाणी शिरलं आहे. टोक कापा, नवी पिन लावा, वरून टेप गुंडाळा. भर पावसात चित्र गेलं तर कोणालाही बोलावू नका. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते, दाट पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. सर ओसरली की चित्र आपोआप येतं.

आता टीव्हीच्या मागे. जुन्या बॉक्समधून निघालेल्या तीन वायरी, पिवळी, पांढरी, लाल, नव्या टीव्हीत खोचलेल्या असतात. काही टीव्हींना त्यासाठी वेगळा कनेक्टर लागतो, दुकानदार तोही आठवणीने देतो. सगळं चित्र त्या एकट्या पिवळ्या वायरीतून येतं, उरलेल्या दोन आवाजाच्या. त्या वायरीतून एचडी चित्र येऊच शकत नाही. पन्नास हजारांचा टीव्ही घेतलात तरी नाही.

हिशेब सोपा आहे. साध्या, म्हणजे एसडी चॅनलच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, एकूण ४,१४,७२०. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. बरोबर पाचपट. फोर के पडद्यावर वीसपट. शेरभर दूध पाच शेरांच्या चरवीत ओतलं तर चरवी भरायची नाही. टीव्ही ती पाणी घालून भरतो. एका ठिपक्याच्या आजूबाजूचे चार ठिपके तो अंदाजाने रंगवतो. जुना पडदा लहान होता म्हणून कमतरता झाकली जायची, मोठ्या पडद्यावर ती उघडी पडते. घरातल्या माणसांचे डोळे बरोबर सांगत असतात, त्यांना वेड्यात काढू नका.

म्हणून एचडी बॉक्स घ्या आणि तो एचडीएमआय वायरीने जोडा. ही वायर महागडी असण्याची काही गरज नाही. तिच्यातून आकडे जातात, ते पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत, सोनेरी मुलाम्याने ते जास्त सुंदर होत नाहीत. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जा. कित्येक घरांत एचडी बॉक्स असूनही तिथे ५७६ हाच आकडा निवडलेला असतो. तो १०८० करा. त्याच पानावर पडद्याचा आकार असतो. चार बाय तीनचं जुनं चित्र सोळा बाय नऊमध्ये ताणलेलं असेल तर ते मूळ आकारावर आणा. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. निळू फुले यांचा चेहरा परातीएवढा रुंद बघण्यापेक्षा त्या पट्ट्या बऱ्या.

टीव्हीच्या रिमोटवरही दोन मिनिटं द्या. नवे टीव्ही सहसा भडक मोडवर लावलेले असतात, कारण दुकानातल्या झगमगाटात तोच उठून दिसतो. घरी ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ ठेवा. शार्पनेस खाली आणा. तो वाढवला की बारकावे वाढत नाहीत, कडांभोवती पांढऱ्या रेघा उमटतात, आणि साध्या चॅनलवर त्या फार खुपतात.

एवढं करूनही बातम्यांत बैलगाडा शर्यत दाखवतात तेव्हा घाटातल्या धुळीचे ठोकळे होतात. तिथे तुमची चूक नाही. प्रक्षेपणात प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाहीत, आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतात. स्टुडिओत बसलेल्या निवेदकाचे ओठच हलतात, त्यामुळे भागतं. धुळीचा मात्र कण न् कण हलतो. उपग्रहावरच्या एकाच वाटेवर कंपन्यांनी जितके जास्त चॅनल कोंबलेले, तितका प्रत्येकाचा वाटा कमी. ग्राहकाला महिन्याचं बिल कळतं, आपल्या चॅनलला किती जागा दिली ते कळत नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या, २०१९मध्ये लागू झालेल्या नियमांत एक एचडी चॅनल दोन साध्या चॅनलांइतका मोजला जायचा. पैसे घेताना एचडीचा वेगळा हिशेब होऊ शकतो, तर दर्जाचा आकडाही ग्राहकाला दाखवायला हवा.

फ्री डिशवाल्यांना खरं कोणी सांगत नाही, ते इथे लिहितो. तिथले बहुसंख्य चॅनल साधे एसडी आहेत. महिन्याचा रिचार्ज नाही, ही मोठी सोय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण केवळ त्यासाठी ५५ इंची पडदा घेऊ नका. ३२ इंचीवर तेच चित्र जास्त चांगलं दिसतं आणि उरलेले पैसे घरात राहतात. भारतीय मानक ब्युरोने टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर बसवण्यासाठी मानक काढलं आहे, आयएस १८११२, ते जानेवारी २०२३मध्ये जाहीर झालं. असा टीव्ही असेल तर फुकट चॅनलांसाठी वेगळा बॉक्स लागत नाही, पिवळ्या वायरीचा प्रश्नच मिटतो. तुमच्या दुकानदाराने हे नाव तरी काढलं होतं का?

मला या फुकटच्या खर्चाचा राग येतो तो आपल्या तालुक्यामुळे. परदेशाशी उपग्रहामार्फत बोलणारं देशातलं पहिलं भूकेंद्र १९७१मध्ये सुरू झालं ते जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला. खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपतात. त्याच तालुक्यात घरच्या छत्रीचं साधं तंत्र माहीत नाही म्हणून माणसं दर खेपेला पैसे मोजतात, हे मला पटत नाही. दहावीतली मुलं हे काम अर्ध्या तासात शिकतील. शाळांनी एकदा त्यांना टीव्हीच्या मागे उभं करावं.

आणि यंदा टीव्ही घ्यायला आळेफाट्याला किंवा नारायणगावला जाल तेव्हा पेनड्राइव्हवरचा फुलाफुलांचा डेमो बघून भुलू नका. घरी लागतो तो चॅनल, घरी आहे तसल्या बॉक्सवर लावून दाखवायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर दुसऱ्या दुकानात जा.