मनगट!

मनगटकाका तुमच्याही सोसायटीत असतील. तुमच्याकडे ते गुडघेकाका किंवा मणकेकाका म्हणून वावरत असतील, एवढाच फरक. आमचे अंबरनाथ पश्चिमेला, विम्को नाक्याजवळ राहतात. ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्मभर फिटर होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी गिटार घेतली. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या घरातून एकही अख्खं गाणं बाहेर आलेलं नाही. येतो तो एकच शब्द : "मनगट!"

चूक माझी. चाळिशीत मलाही हौस आली आणि नवी गिटार खांद्याला लावून मी जिना चढत होतो. काकांनी पहिल्याच मजल्यावर गाठलं, खिशातून स्टीलची पट्टी काढली (ती खिशात का, हे विचारायचं नसतं) आणि बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली धरली. "तारेची उंची चार मिलिमीटर! अडीचच्या आसपास हवी. ही गिटार आहे की कपडे वाळत घालायची दोरी?"

मग रोज संध्याकाळी तपासणी. अंगठा दांडीच्या मागे, मधल्या बोटासमोर. बोट फ्रेटच्या पट्टीला खेटून, म्हणजे जोर कमी लागतो. गिटार पट्ट्याने वर उचललेली. दर वीस मिनिटांनी हात मोकळा. "मनगटातल्या एवढ्याशा बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक नस जाते. कर्जत लोकलचा डबाच तो! तू मनगट मुडपलंस की चेंगरतं कोण? नस!" मी त्याच डब्यातून नुकताच उतरलेलो असे, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

पण काकांना गिटारपुरतं थांबता येत नाही. पोळ्या लाटणाऱ्या काकूंना "मनगट!" सत्यनारायणाला नारळ फोडणाऱ्या गुरुजींना "मनगट!" माझ्या भाच्याच्या लग्नात नवरीने हार घालायला हात उचलले आणि मागच्या रांगेतून गर्जना झाली. बँडवाल्यांना तो इशारा वाटला. अंतरपाट धरलेलाच होता, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

एफ कॉर्डने माझा घात केला. एका बोटाने सहाच्या सहा तारा दाबायच्या. मी दोन-दोन तास दाबत बसलो. आठवड्याभरात हातातून चहाचा कप निसटला. काकांनी तो पाहिला, आणि पहिल्यांदाच ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "रात्री मुंग्या येऊन जाग येते?"

"येते."

"बोटांची टोकं दुखतात ते शिकणं. हे शिकणं नव्हे. चल डॉक्टरकडे."

दवाखान्यात दीड तास माझ्याशेजारी बसले, कंपाउंडरचं मनगट तपासत. घरी येऊन माझ्या गिटारच्या तारा काढल्या, खालची हाडाची पट्टी कानशीने घासून उतरवली, हलक्या तारा चढवल्या. पैसे घेतले नाहीत. घासता घासता गिटारवादक टोनी आयोमीची गोष्ट सांगितली : १९६५ साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सतरा वर्षांच्या त्या पोराच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे ब्लॅक सॅबथ हा बँड उभा केला. काकांनी ब्लॅक सॅबथ कधी ऐकलेला नाही. "वाजवतो काय ते देव जाणे," ते म्हणाले, "पण फिटिंगचं काम चोख."

परवा रात्री लाइट गेली. मी गॅलरीत आलो. समोर काकांच्या खोलीत इमर्जन्सी दिवा होता. बनियनमध्ये काका, गिटार मांडीवर आडवी लोळलेली, अंगठा दांडीवरून पुढे आलेला, मनगट छत्रीच्या मुठीसारखं वाकलेलं. एक जुनं गाणं चाललं होतं, मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत, अख्खं. काकू भिंतीला टेकून हलक्या आवाजात गात होत्या. शब्द माझ्या ओठांवर आला होता. गिळला.

सकाळी दुधाच्या रांगेत काका भेटले. पिशव्या उजव्या हातात, डावा खिशात.

"काय रे, मुंग्या?"

"नाहीत काका. तुम्हाला?"

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "रात्री लाइट किती वाजता आली रे?"