एक जूनच्या वाढदिवसांविषयी झुकेरबर्ग साहेबांना खुले पत्र

मा. मार्क झुकेरबर्ग साहेब, मु. पो. मेन्लो पार्क, कॅलिफोर्निया यांस येडशी, ता. जि. धाराशिव येथून सा. न. वि. वि.

१ जून उजाडला, की आपल्या कंपनीला येडशीकरांचा एकदम उमाळा येतो. सकाळपासून फेसबुकची घंटी सुरू : आज ह्याचा वाढदिवस, त्याचा वाढदिवस आणि शिवाय आणखी इतक्या जणांचा. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या ह्या गावात बाळंतपणं सरकारी परिपत्रक काढून उरकतात की काय, अशी शंका आपल्या हुशार इंजिनिअरांना आली असेल. तसं नाही. ही सगळी गुरुजींची कृपा.

पूर्वी लेकराची जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवत नसे. जूनमध्ये शाळा उघडली, की बाप पोराला हाताला धरून आणी. गुरुजी त्याला वरून खाली न्याहाळत, पहिलीला लागणारं वय भरेल असं साल धरत आणि जनरल रजिस्टरला १ जून टाकून मोकळे होत. तीच तारीख पुढे टीसीवर, तिथून आधारवर आणि शेवटी फेसबुकावर. आपला जन्म १४ मे १९८४चा. आपल्या वडिलांनी आपलं नाव इकडच्या जिल्हा परिषद शाळेत घातलं असतं, तर आपणही एक जूनवालेच झाला असता. प्रश्न अवघ्या अठरा दिवसांचा होता.

खरी तारीख आईजवळ असते. ती सन सांगत नाही. थोरला ‘दुष्काळातला’, म्हणजे १९७२चा. धाकटा ‘किल्लारीच्या आदल्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाऊस लागून होता तवा’. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे झाला, तेव्हा धाकट्याचं साल बिनचूक निघतं. पण पोळा येतो श्रावणातल्या अमावास्येला, आणि आपल्या फॉर्मात अमावास्येला रकानाच नाही.

गंमत म्हणजे, एक जून खोटा आहे हे शुभेच्छा देणाऱ्यालाही ठाऊक असतं, कारण बहुतेक वेळा त्याचाही तोच असतो. मग दोघं मित्र एकाच केकचं चित्र एकमेकांना पाठवतात आणि दिवसभर ‘धन्यवाद भावा’ची परतफेड चालते. पोळ्याचा दुसरा दिवस मात्र कोरडा जातो. आई तेवढी कालची पुरणपोळी तव्यावर गरम करून ताटात सरकवते आणि ‘आजचाच रे तू’ म्हणते.

सगळा दोष आपल्या माथी मारणं बरोबर नाही. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर गॉगलवाल्या उत्सवमूर्तीच्या पायाशी ‘शुभेच्छुक’ म्हणून तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची रांग असते, आणि त्यातल्या काहींना आपला फोटो तिथे लागलाय हे फ्लेक्स बघूनच कळतं. आपलं टॅगिंग येडशीला शिकवावं लागलं नाही. आपण एका माणसाला ५,००० मित्र मंजूर केलेत. रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाच्या हिशेबानं माणूस दीडशेच्या आसपासच नाती सांभाळू शकतो. ते खरं धरलं, तर उरलेले ४,८५० हे शुभेच्छुकच.

२०१४मध्ये आपण १९ अब्ज डॉलर मोजून व्हॉट्सॲप घ्यायचं ठरवलंत, त्याचं मात्र इथे चीज झालं. गावोगाव दहावीच्या बॅचचे ग्रुप निघाले. चाकणच्या कंपनीतला, मुंबईला पोलिसात गेलेला, सासरचं आडनाव लागल्यामुळे कुणाला न सापडलेली, सगळी एका जागी आली. पहिला आठवडा काय गप्पा! त्यातून स्नेहमेळावे झाले, फेटे बांधले गेले, थकलेल्या गुरुजींना शाल-श्रीफळ मिळालं. (एक जूनचा जाब त्यांना कुणी विचारला नाही.) मग ग्रुपवर उरले सूर्योदय, गुलाब आणि सुविचार. भारतीयांचे फोन का अडकतात याचा शोध गूगलच्या लोकांनी घेतला, तर ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांनी ते तुडुंब भरलेले निघाले. मित्र रोज दिसतो, पण त्याचं स्वतःचं वाक्य महिनोन्‌महिने दिसत नाही.

दुसऱ्याचं वाक्य मित्राच्या नावानं आलं, की खरं वाटतं, हीही त्यातलीच गोष्ट. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. तशा अफवा तेव्हा देशभर फोनाफोनांतून फिरत होत्या. त्याच महिन्यात आपण भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातलीत.

आता एक काम आपल्या व्हॉट्सॲपविना अडतं, तेही सांगायला हवं. गावात कुणी गेलं, तर पूर्वी सांगाव्याला माणूस धाडायचे, लांबच्यांना तार करायचे. तारखातं जुलै २०१३मध्ये बंद झालं. आता निरोप पाच मिनिटांत पुण्याला पोहोचतो : ‘सावडण्याचा कार्यक्रम उद्या सकाळी.’ लगेच खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेल्या हातांची रीघ लागते. मधेच कुणाचा तरी सूर्योदय येतो, तो घाईघाईनं पुसला जातो. तोवर मूळ निरोप इतका वर जातो, की वेळ काही सापडत नाही. मग पुण्यातला गडी सरळ फोन लावतो : ‘किती वाजता रे सावडायचं?’

‘आठला. येतूस का?’

‘निघतोच. बार्शीला उतरतो, तिथून तुझी गाडी आण.’

कळावे, लोभ असावा.

आपले,
समस्त एक जूनवाले, येडशी