उडवा आणि शिकवा

डेट्रॉइटजवळ, मिशिगन
नोव्हेंबरचा दुसरा रविवार

ती. अप्पा आणि सौ. आई,

परवा फोनवर आई म्हणाली, "पोरगी तिकडं कुपनं विकते म्हणून ह्यांना दोन रात्री झोप नाही." अप्पा, कुपनं नव्हेत, आणि लॉटरी तर नव्हेच. पण मी 'गिफ्ट कार्ड' म्हटलं की तुम्ही "कुणी दिलं गिफ्ट?" विचारता आणि तेवढ्यात आई मागून मेथीचा भाव सांगते. म्हणून सरळ कागदावर लिहिते. तुमची सारी नोकरी जिल्हा बँकेत गेली, तुम्हाला कागदावरचं लवकर पटतं.

तुमच्या नातीच्या शाळेच्या बँडला नवी वाद्यं हवी आहेत. (ती ट्रोंबोन वाजवते. तुम्ही त्याला तुतारी म्हणता हे तिने आता सोडून दिलंय.) शाळा सरकारी, फी नाही, पण असल्या वरखर्चाचे पैसे पालकांनी उभे करायचे ही इथली रीतच. आपल्याकडे गणपतीची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात, ती पाचशे म्हणतात, तुम्ही पन्नास म्हणता, शंभरावर तुटतं. इथे असं तोंडावर कुणी मागत नाही. पोरांच्या हातात वस्तू देतात विकायला. एका वर्षी भेटवस्तूंना गुंडाळायचा रंगीत कागद, पुढच्या वर्षी पॉपकॉर्न, त्याच्या पुढच्या वर्षी बिस्किटांची कच्ची कणीक. कच्ची, अप्पा! डबा भरून. फ्रीजरमध्ये ठेवायची आणि लागेल तेव्हा भाजायची. शेजारपाजार संपला, ह्यांच्या ऑफिसातले लोक ह्यांना बघून लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागले, आणि उरलेले सात डबे आम्हीच घेतले. त्या हिवाळ्यात आमच्या फ्रीजरमध्ये मटारला जागा नव्हती.

तेव्हा पालक संघटनेच्या सभेत मी एकदाच तोंड उघडलं. म्हटलं, त्यापेक्षा गिफ्ट कार्डांचं करा ना. सभेत जो सुचवतो त्याच्याच गळ्यात ते काम पडतं हे तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात. मी विसरले.

तर योजना अशी. संघटना किराणा, कपडे, हॉटेलं, पेट्रोल अशा दुकानांची कार्डं सवलतीत घेते आणि पालकांना दर्शनी किमतीला देते. शंभराचं कार्ड शंभरालाच. पालकाचं काही जात नाही, शंभर दिले आणि शंभराचा किराणा घरी आला. संघटनेला ते कार्ड 96 ला पडलं असेल तर मधले 4 डॉलर बँडचे. दुकानागणिक टक्का वेगळा. पेट्रोल आणि किराणावाले दोन-चार टक्क्यांवर अडतात, हॉटेलं आणि कपडेवाले आठ-दहापर्यंत जातात. महिन्याला 600 डॉलरचा किराणा करणारं एक घर धरा, त्यावर 4 टक्के म्हणजे 24 डॉलर, शाळेच्या दहा महिन्यांचे 240. कणकेचा एकही डबा न विकता.

आता तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "दुकानदार का देतो? मेख कुठंय?" मेख आहे. त्याला पैसे आगाऊ मिळतात. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जात नाही. शंभराचं कार्ड घेऊन गेलेला माणूस एकशेवीसची खरेदी करून येतो. आणि काही कार्डं लोकांच्या ड्रॉवरमध्येच राहतात, तो निव्वळ नफा. 2009 च्या कायद्याने कार्डाची मुदत पाच वर्षांच्या आत संपवता येत नाही, पण आमच्या ड्रॉवरला पाच वर्षं म्हणजे काहीच नाही.

तुमची धास्ती अगदीच खोटी नाही, तेही सांगते. फोनवरून कुणी "गिफ्ट कार्डाने पैसे भरा" म्हणालं तर तो लबाड, असं इथलं फेडरल ट्रेड कमिशनच बजावतं. फरक एवढाच की तो लबाड कार्ड मागतो आणि मी कार्ड देते.

ह्या प्रकाराला इथे 'स्क्रिप' म्हणतात. शब्द जुना आहे आणि त्याचा भूतकाळ फारसा बरा नाही. कोळशाच्या खाणींच्या गावांत कंपन्या मजुरांना पगारात स्वतःची नाणी द्यायच्या, ती फक्त कंपनीच्याच दुकानात चालायची. वाचलं तेव्हा मला आपलं कारखान्याचं सभासदांचं साखरेचं कार्ड आठवलं. ते आपलं गोड होतं म्हणा. ह्या नव्या स्क्रिपचा कारभार बघणारी एक मोठी कंपनी आमच्याच मिशिगनातल्या ग्रँड रॅपिड्सची आहे.

खरं तर तुम्हाला हे समजायला अवघड नाही. अंताजीपंत काळ्यांनी माणशी एकेक पैसा गोळा केला आणि त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, हे तुम्हीच मला सांगितलंत. हा तसलाच फंड, फक्त इथे पैसा देतोय हे देणाऱ्याला कळतही नाही. तुम्ही रयतच्या शाळेत शिकलात. तिथे कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकून बोर्डिंगातल्या पोरांना जेवू घातलं. इथे मंगळसूत्र कुणी मागत नाही, उलट म्हणतात, बाई, शुक्रवारी घरी स्वयंपाक करू नका, पिझ्झा खा, दहा टक्के बँडला जातील. कर्मवीरांचं 'कमवा आणि शिका' होतं, आमचं 'उडवा आणि शिकवा' आहे. मला हे सांगताना जरा लाज वाटते, पण पिझ्झा खाते.

सगळ्यात दमवलं ते आपल्याच लोकांनी. इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला मी मसाला दुधाबरोबर फॉर्म वाटले. पहिला प्रश्न, "ह्यात माझे किती सुटणार?" म्हटलं, काहीच नाही, शाळेचे सुटणार. दुसरा, "मग देणगी म्हणून टॅक्समध्ये दाखवता येईल?" नाही, कारण तुम्ही काही दिलंच नाही, पुरता माल मिळाला. तिसरे एक काका, "क्रेडिट कार्डाने घेऊ का? मला पॉइंट मिळतात." काका, क्रेडिट कार्डवाला दोन-तीन टक्के कापतो. मग बँडला काय, तुमचे पॉइंट वाजवायला देऊ? चेकच लागेल.

एकीने फारच हुशारीची गोष्ट काढली. तिच्या घरच्या खरेदीचे पैसे तिच्याच मुलाच्या सहलीच्या खात्यात जमा करायचे. ऐकायला न्याय्य वाटतं ना? पण व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स क्लबच्या पालक मंडळाने नेमकं हेच केलं. जो जितकं विकेल तितकी त्याच्या पोराची फी कमी. आयकर खात्याने त्यांची करसवलत काढून घेतली आणि 2013 मध्ये टॅक्स कोर्टानेही ती परत दिली नाही. सगळ्यांची झोळी एकच असेल तर धर्मादाय, ज्याची त्याची वेगळी झाली की धंदा. हे मी त्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग ज्यांनी काहीच घेतलं नाही त्यांची पोरंपण त्याच वाद्यावर वाजवणार?" हो, वाजवणार. त्यांनी फॉर्म परत दिला. दूध मात्र दोनदा घेतलं.

आणि आमचा सगळ्यात जास्त पैसा जिथे जातो ते देशी दुकान यादीत नाहीच. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता, गोडा मसाला, ह्यातून बँडला दमडी नाही. पास्ता खाल्ला तर आहे. धाकटा गेला महिनाभर बँडच्या भल्यासाठी पास्ता मागतोय.

आता माझा आठवडा ऐका. मंगळवारी सकाळी शाळेतून फॉर्म आणि चेकची पाकिटं येतात. कुणी बेरीज चुकवलेली, कुणी सही विसरलेली. सगळ्यांची मिळून एकच ऑर्डर पाठवायची. गुरुवारी कुरिअरने कार्डं येतात. ती मोजायची, घरागणिक पाकिटं भरायची, दोघांनी सह्या करायच्या, शुक्रवारी शाळा सुटताना वाटायची. फोनवर येणारी कार्डंही असतात, पण निम्म्या लोकांना हातात धरायला काहीतरी लागतं. एरवी प्लॅस्टिकचा तुकडा, पण हरवला की नोट हरवली, बदलून कुणी देत नाही. गुरुवारी रात्री घरात हजारो डॉलर असतात. मी ते तांदळाच्या डब्यात ठेवते, आजी ठेवायची तसे. ह्यांनी विचारलं, "तिजोरी घ्यायची का?" म्हटलं, तिजोरी फोडायला चोर येतो, तांदूळ निवडायला येत नाही.

तरी गेल्या गुरुवारी एक कार्ड कमी भरलं. शंभराचं, किराण्याचं. मोजलं, पुन्हा मोजलं, तांदूळ परातीत ओतले. रात्रीचे साडेअकरा. तुम्हाला आठवतं, रोकड दोन रुपयांनी जुळेना म्हणून तुम्ही बँकेतून रात्री दहाला आला होतात, आणि आई म्हणाली होती, "अहो, दोन रुपये माझ्याकडून घ्या आणि या की घरी"? हेही तेच म्हणाले, शब्द न शब्द. आणि मी तुमच्याच आवाजात ओरडले, "प्रश्न पैशाचा नाहीये!"

शुक्रवारी सकाळी सापडलं. ह्यांच्या ओव्हरकोटाच्या खिशात. गुरुवारी पहाटे गाडीच्या काचेवर दव गोठलं होतं, खरवडायची पट्टी मिळेना, तर समोर टेबलावर जे दिसलं ते घेऊन ह्यांनी काच खरवडली. मागच्या खेपेचं शिलकीतलं कार्ड होतं, मीच काढून ठेवलेलं. एक कोपरा तुटला. दुकानाच्या नंबरावर फोन करून विचारलं तर शंभर जिथल्या तिथे. पण तुटकं कार्ड लोकांना कसं द्यायचं? ते आम्हीच विकत घेतलं. त्यातून दूध आणि अंडी आणली, आणि एक काच खरवडायची पट्टी.

आता एक काम. इथल्या कॉम्प्युटरच्या तक्त्यावर माझा विश्वास बसत नाही, बेरीज आपोआप होते आणि चूकही आपोआपच होते. तुम्ही दिवाळीला पूजेत मांडता तसल्या लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या पाठवा, रोजमेळाच्या, जमा-नावे आखलेल्या. डिसेंबरात नाताळच्या खरेदीने कार्डं तिप्पट होणार, त्याच्या आत हव्यात. मावशींचे जावई पुढच्या आठवड्यात निघतायत, त्यांच्याजवळ द्या. सामानाचं वजन जास्त भरलं तर आईला न सांगता लोणचं कमी करा.

तुमची,
बेबी

ता. क. : बँडचे आजपर्यंत 1,140 डॉलर जमलेत. तुतारी येईल.