बिन कार्ड कुठाय?

संगणक विचारतो, "अपडेट करू?" आपण "हो" दाबतो. काय आलं, काय गेलं, कुणी पाहिलं?

बोईसरच्या एमआयडीसीतल्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये जा. रॅकच्या खणाला बिन कार्ड असतं. बेअरिंग किती आली, किती गेली, शिल्लक किती. एका वॉशरचा हिशेब लागला नाही, तर स्टोअरकीपरची शिफ्ट लांबते. त्याच्या टेबलावरच्या संगणकात काय काय भरलंय, याचं कार्ड मात्र कुणापाशी नाही.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका ठिकाणी रात्रीतून आपोआप अपडेट झालं. सकाळी लेबल छापणारा प्रिंटर गप्प, गेटवर ट्रक उभे. "नेमकं बदललं काय?" मी विचारलं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

संगणकाचं हे कार्ड १९९३ पासून लिहिणारी एक प्रणाली आहे. स्लॅकवेअर. पॅट्रिक व्होल्कर्डिंगनं सुरू केलेली, आजही चालू असलेल्या लिनक्सच्या अवतारांत सगळ्यांत जुनी. सॉफ्टवेअरचं पॅकेज टाकलं की त्याच्या नावाची साधी फाईल तयार होते. कुठली वस्तू कुठे ठेवली, ओळीनं लिहिलेलं. पॅकेज काढलं तरी नोंद पुसली जात नाही, काढलेल्यांच्या खणात जाते.

मग लोक नाक का मुरडतात?

एका पॅकेजला दुसरं लागलं, तर स्लॅकवेअर ते आपणहून आणत नाही म्हणून. अमुक लायब्ररी सापडत नाही, एवढं कळतं, शोधायची तुम्ही.

हा दोष म्हणायचा? सातपाटीच्या तांडेलाला विचारा. बर्फ, डिझेल, पाणी, जाळी सगळं मोजून घेतल्याशिवाय तो बोट सोडत नाही. भर समुद्रात दुकान नसतं.

स्लॅकवेअरचा सल्लाही तोच: निघतानाच पूर्ण संच भरा. डीव्हीडीवरून सगळं चढतं, इंटरनेट लागत नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराआड रेंज गेली की याची किंमत कळते.

आपोआप आणणाऱ्यांचं काय झालं? मार्च २०१६ मध्ये एकानं 'लेफ्ट-पॅड' नावाचा ११ ओळींचा कोडचा तुकडा मागे घेतला आणि जगभरचे प्रकल्प अडले. आपण तो वापरतो, हे कित्येकांना त्या दिवशी कळलं!

स्लॅकवेअर सावकाश चालतं, हे खरं. १४.२ आली जून २०१६ च्या अखेरीस, १५.० थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये. पण त्या साडेपाच वर्षांत जुनीला सुरक्षेची ठिगळं मिळत राहिली. वाऱ्यावर सोडलं नाही कुणाला.

आणि मला सर्वांत भावते ती एक गोष्ट. तुम्ही हातानं बसवलेली सेटिंगची फाईल अपग्रेडमध्ये तुडवली जात नाही. नवी फाईल नावामागे 'न्यू'ची शेपटी लावून शेजारी येऊन बसते. मग प्रश्न येतो: जुनी ठेवू, की नवी घेऊ?

तुम्ही उत्तर देईपर्यंत काहीही हलत नाही.