सुपिरिअरची प्रदक्षिणा : नवशिक्यांनी कशी घालावी

आधी नकाशा मोठा करून पाहावा. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या पाच सरोवरांपैकी सगळ्यात वरचे, लांडग्याच्या मुस्कटासारखे दिसणारे, ते सुपिरिअर. क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर. अख्खा मराठवाडा आत मावेल आणि वर जागा उरेल. (मराठवाड्यातल्या पाहुण्यांना हे सांगताना जरा जपून.) भोवतालचा रस्ता साधारण २,१०० किलोमीटरचा आहे. ‘एक तळं बघायला आठवडा कशाला?’ असे विचारणारा इसम प्रत्येक गाडीत असतोच. त्याला पुढच्या सीटवर बसवावे आणि टोलच्या सुट्ट्या पैशांची जबाबदारी द्यावी.

दिशेबद्दल शंका नको. सरोवर उजव्या हाताला ठेवावे. प्रदक्षिणेचा नियम हाच, आणि अमेरिकेतल्या वाहतुकीचाही त्याला पाठिंबा आहे. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. त्यामुळे डुलुथहून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे निघालात की पाण्याकडची कड तुमचीच. मागून ‘थांब, थांब, फोटो!’ अशी आरोळी आली की समोरच्या ट्रकला आडवे न जाता गाडी बाजूला घेता येते. उलटे फिरणारेही भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नये, फक्त त्यांचे फोटो बघावेत. अर्ध्याअधिक फोटोंत ट्रक असतो.

डुलुथ सोडल्यावर पहिल्याच थांब्यावर घरातले ज्येष्ठ ‘हा तर समुद्रच की हो!’ म्हणतील. म्हणू द्यावे. लाटा आहेत, सीगल आहेत, पलीकडचा काठ दिसत नाही. त्यांचे काही चुकत नाही. मग त्यांना पाण्यात पाय घालायला सांगावे. जुलै असला तरी पाय आत गेल्या गेल्या बाहेर येतो, आणि समुद्राचा मुद्दा पुन्हा निघत नाही. स्प्लिट रॉकचे दीपगृह मात्र चुकवू नये. नोव्हेंबर १९०५ च्या वादळाने या किनाऱ्यावर जहाजांची धूळधाण उडवली, म्हणून १९१० साली ते सुरू झाले. तेव्हा इथे रस्ताच नव्हता. सगळे सामान जहाजाने आणून क्रेनने कड्यावर ओढून घेतले होते. हे ऐकल्यावर पार्किंग लांब असल्याची तक्रार कोणी करत नाही. निदान मोठ्याने करत नाही.

आता हद्द. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणजे कॅनडाही त्यातच आला, अशी समजूत करून घेऊ नये. ग्रीनकार्डवाला मुलगा पासपोर्ट आणि कार्ड दाखवून पलीकडे जातो. भारतातून आलेल्या आईबाबांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. ही गोष्ट पिजन नदीच्या नाक्यावर कळली तर उरलेली प्रदक्षिणा अबोल्यात होते. व्हिसा असला तर अधिकारी ‘खायचे काही आहे का?’ एवढेच विचारतो. उत्तर खरे आणि थोडक्यात द्यावे. चकलीच्या भाजणीचे प्रमाण त्याने विचारलेले नसते.

पलीकडे घड्याळ तासभर पुढे जाते आणि पाट्या किलोमीटरमध्ये येतात. पाटीवर ९० दिसले म्हणून मैलांच्या काट्यावर ९० गाठू नये. ते १४५ होतात, आणि पोलिसाला हिशेब येतो.

थंडर बेजवळ टेरी फॉक्सच्या पुतळ्यापाशी सगळ्यांनी उतरावे. कॅन्सरने एक पाय गेलेला हा तरुण कृत्रिम पायावर, कॅन्सर-संशोधनाला पैसे उभे करत, १४३ दिवस धावला. ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबर १९८० ला, आजार फुफ्फुसात पोचल्यामुळे इथे थांबला. पुढच्या वर्षी गेला, तेव्हा बावीस वर्षांचा होता. यानंतर गाडीत कंबर दुखते असे म्हणायचे नाही.

पुढे बराच वेळ सरोवर दिसतच नाही. झाडे, दगड, झाडे. पेट्रोल दिसेल तिथे भरून घ्यावे. वावा गावी एक अवाढव्य हंस उभा आहे. १९६० मध्ये नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला, तेव्हा गाड्या आत वळाव्यात म्हणून तो उभारला. आजही गाड्या वळतात. तुमचीही वळेल.

सू सेंट मरीला मात्र धर्मसंकट आहे. शंकराच्या देवळात पिंडीचे पाणी जिथून बाहेर पडते ते सोमसूत्र ओलांडायचे नसते; तिथवर जाऊन मागे फिरायचे. सुपिरिअरचे पाणी सेंट मेरीज नदीनेच बाहेर पडते, आणि आपला रस्ता नेमका तिच्यावरच्या पुलावरून अमेरिकेत जातो. कडक नियम पाळणाऱ्याने पुलापासून उलटे डुलुथला जावे, तिथून दक्षिण काठाने पुलाच्या दुसऱ्या टोकाशी यावे आणि पुन्हा मागे फिरावे. तीन हजार किलोमीटरच्या वर होतात. सुटी कमी असणाऱ्यांसाठी आमचा निर्णय असा : पूल ओलांडावा. टोल घेतात, तेच प्रायश्चित्त समजावे.

पूल उतरताच जहाजांची कुलपे बघायला जावे. ‘जहाजाला कुलूप?’ असे विचारणाऱ्याला कठड्याशी उभे करावे. सुपिरिअरची पातळी खालच्या पाण्यापेक्षा सुमारे साडेसहा मीटर उंच. तीनशे मीटर लांबीचे, लोहखनिजाने भरलेले जहाज त्या हौदात शिरते तेव्हा दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम दीड मीटर जागा उरते. मागचे दार लागते, झडपा उघडतात आणि जहाज खाली जाऊ लागते. पंप नाही, पाणी आपल्या वजनानेच निघून जाते. मघाशी डोळ्यांसमोर असलेली खलाशाची चप्पल जाते, मग गुडघे, मग टोपीही कठड्याखाली. मुंबईत खोदकामाभोवती जमते तशी गर्दी इथेही जमते, आणि सूचनाही तितक्याच देते.

दक्षिण काठाचे आम्ही भराभर सांगतो, कारण एव्हाना सगळ्यांना घर दिसू लागलेले असते. व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात १० नोव्हेंबर १९७५ ला २९ माणसांसह बुडालेल्या ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ची घंटा आहे; ती पाहिल्यावर ‘तळं’ हा शब्द जपून वापरला जातो. पिक्चर्ड रॉक्सचे रंगीत कडे रस्त्यावरून दिसत नाहीत, बोटीचे तिकीट काढावे. आणि पेस्टी खावी. कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणींत आलेल्या कामगारांनी आणलेली ही तळहातापेक्षा मोठी, भाजलेली करंजी. सारणात बटाटा, कांदा आणि बहुधा गोमांस असते, तेव्हा आधी विचारावे, भाज्यांचीही मिळते. तिच्यावर केचप घ्यायचा की ग्रेव्ही, यावरून तिथल्या लोकांत दोन तट आहेत. आपण कोणत्याच बाजूने बोलू नये. पिशवीतून लसणाची चटणी काढावी.