परिचय सविस्तर, भाषण थोडक्यात

1905 साली पॉल हॅरिस यांनी शिकागोत रोटरी क्लब काढला, तेव्हा सभा पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरायची. आमच्या तालुक्याच्या गावी ती हॉटेलच्या हॉलात स्थिरावली आहे. फिरतो तो फक्त माइक. घंटा होते, वाढदिवस होतात, रक्तदान शिबिराचे तेच फोटो पुन्हा दिसतात. मग पाहुण्यांचा परिचय. तो इतका सविस्तर, की खुद्द पाहुण्यांनाही नवी माहिती मिळते. पाणीटंचाईवर बोलायला आलेल्या भूजलतज्ज्ञांना उरतात दहा मिनिटं, त्यातही मागून पनीरचा वास. आभार मानणारे ‘अत्यंत ओघवत्या’ भाषणाने भारावलेले. ते आत्ताच पोचलेत, पार्किंग मिळत नव्हतं. पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि एक रोपटं. त्याला घालायला पाणी कुठलं? प्रश्नोत्तरं जेवताना.