काटेकर आणि साडेआठ किलो

सायकलच्या दुकानात शिरल्यावर जो माणूस सायकलवर बसून बघत नाही, तिची मधली दांडी दोन बोटांनी धरून तिला उचलून बघतो, तो काटेकर. खरं आडनाव वेगळं आहे. पण रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा पिशवीत घेऊन हिंडणाऱ्या माणसाला पुण्यातल्या सायकलवाल्यांनी दुसरं काय म्हणायचं? त्यांना येताना पाहिलं की दुकानातली पोरं आधी चहा सांगतात. गिऱ्हाईक आज काही घेणार नाही हे ठरलेलं, आणि लवकर जाणार नाही हेही.

काटेकरांना ट्रायथलॉन करायची आहे. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं. गोव्यात मिरामारला ही अर्धी आयर्नमॅन २०१९ साली पहिल्यांदा झाली, तेव्हापासून ते ‘पुढच्या वर्षी नक्की’ या गटात आहेत. टिळक टँकवर पोहणं पक्कं झालं, तळजाईवर धावणं जमलं. राहिली ती सायकल.

तशी ती २०१८ मध्येच येणार होती. रिम ब्रेकवाली एक पसंत पडली, विसारही दिला. नेमकी त्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेनं रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची परवानगी दिली. ‘म्हणजे रिमचं संपलं,’ म्हणून काटेकर विसार परत घेऊन आले. डिस्कवाली ठरते आहे तोवर कोविड आला आणि जगभर सायकलींचा तुटवडा पडला. तो सरतो तोच, २०२२ मध्ये, शिमानोनं आपला ‘१०५’ ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा संच, बारा स्पीडचा केला, पण बॅटरीवर चालणारा. ‘थांबू या, हाच केबलवर येईल.’ २०२३ मध्ये तो खरोखर आला. भाकीत खरं ठरल्याच्या आनंदात काटेकरांनी इतक्या लोकांना फोन केले, की सायकल घ्यायचं राहूनच गेलं.

आणि वजन! व्यावसायिक शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, हा नियम काटेकर कुणालाही, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात. आपल्याला तेवढी नको, साडेआठच्या आत बसली की झालं, हे त्यांचं औदार्य. मग काटा निघतो. हेल्मेट काट्याला लागतं, बूट लागतात, बाटली आधी रिकामी लागते आणि मग भरलेली. केळं एकदा सालीसकट आणि एकदा सोलून टांगताना त्यांना लोकांनी पाहिलेलं आहे. सोललेलं केळं हुकाला कसं टिकलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. वहिनींनी एकदा तोच काटा घेऊन घरातल्या सायकलींच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा टांगला. अकरा किलो भरला. ‘एवढ्या वजनाची सायकल तुम्ही घेतली असतीत का?’ वहिनींनी विचारलं.

चिडचिड होते ती पुढेच. सपाट रस्त्यावर वजनाला फारसं महत्त्व नसतं, हे काटेकरांना पक्कं माहीत आहे. ताशी तीस किलोमीटरच्या पुढचा वेग धरला की बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि त्यातही सायकलपेक्षा वरचा माणूसच जास्त वारा अडवतो. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशी ५० सेकंद मागे होता. हँडलला पुढे जोडलेल्या दांड्यांवर कोपरं टेकून, वाकून त्यानं साडेचोवीस किलोमीटर मारले आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. काटेकर हे असं सांगतात, की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. मग पिशवीतून तसल्याच एअरो बारची जोडी काढतात आणि काट्याला टांगतात.

सल्ला मात्र चोख. पहिल्या ट्रायथलॉनला रोड बाइकच घ्या, ट्राय बाइकच्या नादी लागू नका. तिच्या सीटची नळी जास्त उभी असते, माणूस पुढे झोपल्यासारखा होतो आणि त्या अवस्थेत ब्रेक हाताशी नसतात. कुत्रं, स्पीडब्रेकर आणि इंडिकेटर न देता वळणारी रिक्षा यांच्यामधून तसं झोपून जायचं ज्याला जमेल त्यानं जावं. रोड बाइकला नंतर एअरो बार लावता येतात, रविवारी सिंहगडही चढता येतो.

मध्यंतरी नर्सिंगला शिकणारी एक मुलगी त्यांच्याकडे आली. जवळ तीस हजार रुपये. दुकानदार तिला ५४ मापाची सायकल ‘सीट खाली घेऊ, झालं’ म्हणून गळ्यात मारत होता. काटेकरांनी तिला भिंतीशी अनवाणी उभं केलं, वहिनींनी टेप धरली, पायाची आतली उंची मोजली. दोन-तीन आठवडे फिरून एक जुनी, ॲल्युमिनियमची, शिमानोचाच टियाग्रा ग्रुपसेट लावलेली ४९ मापाची सायकल शोधली. स्टेम दोन सेंटिमीटरनं आखूड केला. चढावर उतरून ढकलावी लागू नये म्हणून मागं ३४ दातांपर्यंतचं कॅसेट घातलं. सायकल दहाच्या वर जाणार हे नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. तिनं भीतभीत विचारलं, ‘काका, वजन?’

‘वजन काय बघतेस? माप बघ!’ काटेकर खेकसले. काटा पिशवीतच राहिला.

रविवारच्या ग्रुपमधल्या निम्म्या सायकली अशाच त्यांनी निवडलेल्या आहेत. त्यांतल्या कैक गोव्याला जाऊन पदकं घेऊन आल्या. काटेकर स्वतः मुलाची जुनी एमटीबी हाणतात. मुलगा जर्मनीला गेला, ती मागं राहिली. वजनाला चौदा-पंधरा किलो असावी. काट्याला लागलेली कुणी पाहिली नाही. परवा कात्रजच्या बोगद्याशी ती मुलगी त्यांची वाट बघत थांबली होती. धापा टाकत पोचले आणि पहिलं विचारलं ते तिच्या गुडघ्याबद्दल. पाना काढून सीट चार मिलिमीटर वर घेतली, उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवते म्हणून तिला झापलं. तेवढ्यात फोन वाजला. नाशिकहून कुणीतरी विचारत होतं, टियाग्रा घेऊ की १०५? काटेकरांनी एमटीबी कठड्याला टेकवली, बाटलीचं झाकण उघडलं आणि मुलीला हातानंच खूण केली, तू हो पुढे.